बोस्टन, डिसेंबर 1773: स्वस्त केलेला चहा लोकांनी का नाकारला?

मे 1773 मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने चहाचा कायदा केला. त्यात नवा कर नव्हता, जुना वाढवलेलाही नव्हता. उलट ईस्ट इंडिया कंपनीचा चहा अमेरिकेतल्या वसाहतींना पूर्वीपेक्षा स्वस्त मिळावा अशी ती तजवीज होती. त्याच वर्षी 16 डिसेंबरच्या रात्री बोस्टनच्या लोकांनी तो चहा बंदरात ओतून दिला. कायद्याला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत लेक्सिंग्टन गावात ब्रिटिश शिपाई आणि वसाहतीतले शेतकरी समोरासमोर उभे ठाकले आणि गोळ्या सुटल्या.

हा प्रसंग बहुतेक ठिकाणी 'चहावरील कराच्या निषेधार्थ' एवढ्यावर उरकला जातो. वाचणाऱ्याला वाटतं, चहा महागला म्हणून लोक चिडले. खरं तर तो स्वस्त होणार होता, आणि हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काहीच उलगडत नाही. वसाहतींचा ब्रिटनपासून तुटण्याकडे झालेला प्रवास बारा वर्षांचा आहे. त्यातले हे एकच प्रकरण मी इथे उलगडतो आहे, कारण मागचे सगळे वाद त्यात येऊन मिळतात आणि पुढचं युद्ध तिथूनच निघतं.

आधीची दहा वर्षं

1763 मध्ये फ्रान्सविरुद्धचं सात वर्षांचं युद्ध संपलं. ब्रिटन जिंकलं, कॅनडा हाती आला, पण सरकारी कर्ज जवळपास दुप्पट होऊन 13 कोटी पौंडांच्या घरात गेलं. अमेरिकेत सुमारे दहा हजारांची फौज कायम ठेवायची ठरली. लंडनचं म्हणणं असं की ही फौज वसाहतींच्या रक्षणासाठी आहे, तर खर्चाचा काही वाटा त्यांनी उचलावा. हे म्हणणं अगदीच गैरवाजवी होतं असं मला वाटत नाही. इंग्लंडमधला माणूस तेव्हा वसाहतीतल्या माणसापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता.

पण वाटा मागायचा कसा, यावर सगळं बिनसलं. वसाहतींत शंभराहून अधिक वर्षं स्थानिक विधिमंडळंच कर बसवत आली होती. 1765 च्या स्टॅम्प कायद्याने करारनामे, वर्तमानपत्रं, परवाने, अगदी पत्त्यांच्या जोडापर्यंत सगळ्यावर लंडनने परस्पर मुद्रांक लादला. 'आमचा प्रतिनिधी नाही तिथे आमच्यावर कर नाही' ही घोषणा तेव्हाच घुमू लागली. ब्रिटिशांचं उत्तर असं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही पार्लमेंटात जागा नाही, तरी ती शहरं कर भरतातच ना! या उत्तराने कुणाचंही समाधान झालं नाही. मुद्रांक वाटणारे अधिकारी जमावाच्या धाकाने राजीनामे देत सुटले. बोस्टनमध्ये लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर 26 ऑगस्टच्या रात्री फोडून, लुटून आतून पार उद्ध्वस्त करण्यात आलं. हे नाव लक्षात ठेवायला हवं.

1766 मध्ये कायदा मागे घेतला, पण त्याच दिवशी दुसरा केला: वसाहतींवर 'कोणत्याही बाबतीत' कायदे करण्याचा पार्लमेंटला पूर्ण हक्क आहे. पुढच्याच वर्षी चार्ल्स टाउनशेंड या अर्थमंत्र्याने काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयात जकात बसवली. पैसा फार येणार नव्हता. मात्र या जकातीतून गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार द्यायची मुभा कायद्यात होती, आणि खरी मेख तिथे होती. तोवर पगार विधिमंडळं मंजूर करत. गव्हर्नर कितीही राजनिष्ठ असला तरी पगारासाठी त्याला स्थानिक लोकांकडे यावं लागे. तो एकमेव लगाम आता सुटणार होता, आणि सोडवायचा होता तो लोकांच्याच खिशातून गेलेल्या पैशाने.

वसाहतींनी ब्रिटिश मालावर बहिष्कार टाकला. 1768 मध्ये बोस्टनमध्ये फौज उतरली. 5 मार्च 1770 च्या संध्याकाळी जमाव आणि शिपाई यांच्या झटापटीत गोळीबार होऊन पाच माणसं मेली. नेमक्या त्याच दिवशी, तीन हजार मैलांवर, पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांनी टाउनशेंडच्या जकाती रद्द करण्याचा प्रस्ताव मांडला. समुद्रापलीकडे बातमी पोचायला पाच-सहा आठवडे लागत, त्यामुळे दोन्ही बाजू नेहमीच शिळ्या बातमीवर ताजा निर्णय घेत होत्या. जकाती रद्द झाल्या, एक सोडून. चहावरची रत्तलामागे 3 पेन्सची जकात 'हक्काची खूण' म्हणून ठेवली. तशी ती ठेवावी हे मंत्रिमंडळात आधीच 5 विरुद्ध 4 मतांनी ठरलं होतं. एका मताचा फरक!

कंपनी बुडायला आली होती

या प्रकरणातला तिसरा पक्ष आपल्या फार जवळचा आहे. 1765 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी, म्हणजे महसूलवसुलीचा हक्क, मिळाला. लंडनमध्ये शेअरचे भाव चढले, भागधारकांनी लाभांश वाढवून घेतला, सरकारने वर्षाला चार लाख पौंडांचा हप्ता कंपनीवर बसवला. मग 1769-70 मध्ये बंगालात भीषण दुष्काळ पडला. लाखो माणसं अन्नावाचून मेली, आणि कंपनीची महसूलवसुली त्या काळातही थांबली नाही. 1772 मध्ये लंडन आणि युरोपच्या पेढ्यांवर संकट कोसळलं तेव्हा कंपनीच्या डोक्यावर कर्ज होतं आणि लंडनच्या वखारींत सुमारे 1 कोटी 70 लाख रत्तल चहा पडून होता. हा चहा चीनमधल्या कँटनहून आलेला. भारतात चहाची लागवड व्हायला अजून अर्धं शतक जायचं होतं.

चहा पडून राहण्याचं मोठं कारण म्हणजे चोरटा माल. डच व्यापाऱ्यांकडून येणारा जकात चुकवलेला चहा अमेरिकेत सर्रास मिळत असे आणि कंपनीच्या चहापेक्षा स्वस्त असे. कंपनीला आपला माल लंडनच्या लिलावातच विकावा लागे. तिथून तो इंग्रज व्यापाऱ्यांकडे, मग अमेरिकन घाऊक व्यापाऱ्याकडे, मग दुकानात. 1773 च्या कायद्याने कंपनीला थेट अमेरिकेत माल पाठवायची परवानगी दिली आणि इंग्लंडमध्ये भरलेली जकात परत द्यायचं ठरवलं. मधली साखळी तुटली, भाव उतरला.

याच्या जोडीला सरकारने कंपनीला 14 लाख पौंडांचं कर्ज दिलं आणि तिच्या कारभारावर लगाम घालणारा रेग्युलेटिंग ॲक्ट केला. मराठी वाचकाला हा दुसरा कायदा ओळखीचा असेल. त्यानेच मुंबई आणि मद्रास कलकत्त्याच्या हाताखाली आली. मुंबईच्या कौन्सिलने कलकत्त्याला न विचारता मार्च 1775 मध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह केला, कलकत्त्याने तो झिडकारला आणि 1776 मध्ये पुरंदरचा तह झाला, हा घोळ त्याच फेररचनेतला. कंपनी वाचवण्याच्या एकाच खटपटीचं एक टोक पुण्याच्या गादीच्या भांडणाला जाऊन भिडलं आणि दुसरं बोस्टनच्या धक्क्याला. सुरतेच्या तहानंतर सुमारे सहा आठवड्यांनी लेक्सिंग्टनला लढाई जुंपली.

लॉर्ड नॉर्थकडे त्या वेळी एक साधा मार्ग होता. अमेरिकेतली 3 पेन्सची जकात काढून टाकायची. चहा आणखी स्वस्त झाला असता, कंपनीचा माल खपला असता आणि वसाहतींची तक्रारही मिटली असती. विल्यम डाउडस्वेल या विरोधी सदस्याने पार्लमेंटात नॉर्थला तोंडावर सांगितलं की जकात काढली नाही तर ते चहा घेणार नाहीत. नॉर्थ ऐकले नाहीत. मॅसॅच्युसेट्सच्या, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिच्या, गव्हर्नराचे पगार त्या पैशातून निघत होते आणि हक्काची खूण पुसायची नव्हती. पुढे जे घडलं त्यात अनेकांचा वाटा आहे, पण सर्वांत मोठी आणि सर्वांत सहज टाळता येण्याजोगी चूक मी ही मानतो.

अडतिये

कंपनीने प्रत्येक बंदरात मोजक्या अडतियांची नेमणूक केली. तेच चहा उतरवून घेणार, तेच विकणार. बाकीचे व्यापारी, मग ते कायदेशीर माल आणणारे असोत की चोरटा, बाहेर फेकले जाणार. आज चहा, उद्या दुसरा कुठलाही माल एकाच कंपनीच्या हाती जाईल ही भीती पसरायला वेळ लागला नाही. फिलाडेल्फियात 'रस्टिकस' या टोपणनावाने छापलेल्या पत्रकात बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन बजावलं होतं की ज्या कंपनीने आशियात माणसांना उपाशी मारलं तिची नजर आता अमेरिकेवर आहे. बंगालच्या मेलेल्या माणसांची दखल त्या वेळी फिलाडेल्फियात घेतली गेली, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत यायला हवी असं मला मनापासून वाटतं.

न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि चार्ल्स्टनच्या अडतियांनी दबाव येताच नेमणूक सोडून दिली. बोस्टनच्या अडतियांनी सोडली नाही. त्यांच्यात थॉमस आणि एलिशा ही दोन नावं होती, आणि ते गव्हर्नर हचिन्सनचे मुलगे होते. 1765 मध्ये ज्याचं घर लुटलं तोच हचिन्सन आता गव्हर्नर होता.

हचिन्सनला खलपुरुष ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. तो बोस्टनमध्येच जन्मलेला, आपल्या वसाहतीचा इतिहास लिहिणारा विद्वान माणूस. स्टॅम्प कायदा शहाणपणाचा नाही असंच त्याचं खाजगी मत होतं. पण 1770 मध्ये चहाच्याच प्रश्नावर त्याला मुलांसह माघार घ्यावी लागली होती आणि ती सल गेली नव्हती. त्यात जून 1773 मध्ये त्याची जुनी खाजगी पत्रं छापली गेली. वसाहतीत इंग्रजी स्वातंत्र्यांचा काही संकोच होणं अटळ आहे अशा अर्थाचं वाक्य त्यांत होतं. ही पत्रं लंडनहून बेंजामिन फ्रँकलिनने पाठवली होती. त्यानंतर गावात हचिन्सनच्या शब्दाला किंमत उरली नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 1770 नंतर बोस्टनचे व्यापारी जकात भरलेला चहा मुकाट्याने आणत होते, आणि न्यूयॉर्क-फिलाडेल्फियावाले त्यावरून त्यांना टोमणे मारत. बोस्टनमधल्या विरोधाचा पुढारी सॅम्युएल ॲडम्स आणि त्याच्या साथीदारांना या वेळी माघार परवडणारी नव्हती. म्हणजे दोन्हीकडे मागचा अपमान धुऊन काढायची गरज साचली होती. अशा वेळी चहाची जहाजं आली.

वीस दिवस

रविवार, 28 नोव्हेंबर 1773. 'डार्टमथ' हे जहाज 114 पेट्या चहा घेऊन बोस्टन बंदरात शिरलं. याच खेपेत फिलिस व्हीटलीच्या कवितासंग्रहाच्या प्रतीही होत्या. ती आफ्रिकेतून लहानपणी पकडून आणलेली, याच शहरात गुलाम म्हणून वाढलेली कवयित्री. त्याच वर्षाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्सच्या गुलामांनी सुटकेसाठी विधिमंडळाकडे अर्ज केला होता, आणि तो बाजूला पडला. स्वातंत्र्याची सगळी भाषा ज्या शहरात चालली होती तिथलं हे वास्तव वगळून प्रकरण पुरं होत नाही.

आता कायद्याची चौकट पाहू, कारण सगळी कोंडी तिच्यातून झाली. जहाज बंदरात आल्यापासून वीस दिवसांत जकात भरून माल उतरवायचा. नाही भरली तर एकविसाव्या दिवशी जकात अधिकारी माल जप्त करणार. चहा तसाच इंग्लंडला परत न्यावा, तर एकदा निर्यात झालेला चहा परत आणायला तिथे बंदी, जहाजच जप्त व्हायचं. जकात न भरता बंदराबाहेर पडायला दाखला नाही. आणि दाखल्याशिवाय निघावं, तर बंदराच्या तोंडाशी कॅसल विल्यम या किल्ल्याच्या तोफा आणि आरमाराची जहाजं.

29 तारखेला सभा भरली. फॅन्युइल हॉल अपुरा पडला म्हणून लोक ओल्ड साउथ या प्रार्थनामंदिरात गेले. मतदानाचा हक्क असलेले आणि नसलेले, सगळे. ठराव झाला की चहा आला तसा परत जाईल, जकात भरली जाणार नाही. जहाज ग्रिफिनच्या धक्क्याला बांधून पंचवीस जणांचा पहारा बसवला. बाकीचा माल उतरवू दिला, चहाला हात लावू दिला नाही. अडतिये पळून किल्ल्यात जाऊन बसले. मागाहून 'एलेनॉर' आलं, मग 'बीव्हर'. चौथं जहाज 'विल्यम' केप कॉडच्या किनाऱ्यावर फुटलं.

या सगळ्यात सापडला फ्रान्सिस रॉच, 'डार्टमथ'च्या मालक कुटुंबातला तेवीस वर्षांचा, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातला तरुण. सभा म्हणे जहाज परत ने. जकात अधिकारी म्हणे माल उतरल्याशिवाय दाखला नाही. त्या मुलाने दाखला मागितला, नकार मिळाला. 16 डिसेंबरला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, सभेने त्याला गव्हर्नराकडे धाडलं. हचिन्सन गावाबाहेर मिल्टनला होता. पावसाळी थंडीत पाच हजार माणसं ओल्ड साउथच्या आत-बाहेर त्याची वाट बघत थांबली. अख्ख्या गावाची वस्ती सोळा हजारांच्या आसपास, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या गर्दीचा अर्थ कळतो.

हचिन्सनने परवाना नाकारला. जकातीचा दाखला नसलेल्या जहाजाला परवाना देणं कायद्यात बसत नाही, हे त्याचं कारण. ते खरंच होतं. जकात अधिकाऱ्याचं कारणही खरं होतं, अडतियांचंही आणि रॉचचंही. प्रत्येकाने आपापला नियम पाळला आणि सगळ्यांनी मिळून एकही दार उघडं ठेवलं नाही. हचिन्सनचा हिशेब असा होता की दुसऱ्या दिवशी जकात खातं आरमाराच्या मदतीने चहा ताब्यात घेईल, आणि गाव चार दिवस आरडाओरडा करून गप्प बसेल. सभेलाही हे कळत होतं. जप्त झालेला चहा विकला जाणार, त्यातून जकात वसूल होणार आणि तत्त्व हरणार. म्हणून त्या रात्रीलाच एवढं महत्त्व आलं.

रॉच परतला तेव्हा अंधार पडला होता. त्याने नकार सांगितला. सॅम्युएल ॲडम्स उठून म्हणाला की देश वाचवण्यासाठी ही सभा आता आणखी काही करू शकत नाही. दारातून आरोळ्या उठल्या. शंभर-दीडशे माणसं, बरीचशी कारागीर आणि त्यांच्या हाताखाली काम शिकणारी पोरं, तोंडाला काजळी फासून, अंगावर घोंगडी घेऊन, मोहॉक या अमेरिकेतल्या मूळ रहिवासी जमातीचं सोंग आणून धक्क्यावर गेली. तीन टोळ्या, तीन जहाजं. तीन तासांत सुमारे 340 पेट्या फोडून 92 हजार रत्तलांवर चहा, म्हणजे जवळपास 42 हजार किलो, पाण्यात ओतला. किंमत 9,659 पौंड. ओहोटी होती, त्यामुळे चहाचे ढीग जहाजाच्या कडेला साचले आणि पोरं ते पायांनी पाण्यात लोटत राहिली. दुसऱ्या कशाला धक्का लावला नाही. एक कुलूप तुटलं, ते दुसऱ्या दिवशी भरून दिलं. अंगरख्यात चहा भरून निघालेल्या एकाला धरून बदडलं. आरमार शेजारीच होतं, पण गर्दीवर तोफा डागायचा हुकूम कुणी मागितला नाही आणि कुणी दिला नाही.

इतर बंदरांत काय झालं

तोच चहा, तोच कायदा, आणि तरी परिणाम वेगळे. फिलाडेल्फियाला निघालेलं 'पॉली' नदीच्या वाटेवरच अडवलं गेलं. कप्तान एअर्सला डांबर आणि पिसं फासायच्या धमकीची पत्रकं आधीच निघाली होती. जहाजाची जकातीत नोंदच झाली नाही, म्हणून ते सुखरूप परत फिरू शकलं. चार्ल्स्टनमध्ये वीस दिवस सरल्यावर जकात खात्याने चहा जप्त करून तळघरात ठेवला आणि कुणी तो विकायला धजावलं नाही. पुढे क्रांतिकारकांनीच तो विकून पैसा उभा केला. न्यूयॉर्कचं जहाज वादळात भरकटून 1774 च्या एप्रिलमध्ये आलं आणि आल्या पावली परत गेलं.

यावरून दिसतं की बोस्टनचा शेवट विधिलिखित नव्हता. इतर तीन ठिकाणी अडतिये बाजूला झाले आणि अधिकाऱ्यांनी डोळेझाक केली. बोस्टनमध्ये एका गव्हर्नराने कायद्याचं अक्षर धरून ठेवलं. मात्र हेही खरं की चारही बंदरांत चहा विकला गेला नाही. तेरा वसाहतींचं एकमत कुठवर आलं आहे याचा तो पुरावा होता, आणि लंडनने तो वाचला नाही. त्यांना एकटं बोस्टन दिसलं.

शिक्षा

बातमी जानेवारी 1774 मध्ये लंडनला पोचली. अमेरिकेच्या बाजूने बोलणारेही हादरले. मालमत्तेची नासाडी फ्रँकलिनलाही पटली नाही, चहाची भरपाई द्यावी असंच त्याचं मत होतं. अमेरिकेतही बऱ्याच जणांना ते कृत्य आवडलं नव्हतं. म्हणजे त्या क्षणी बोस्टन एकटं पडू शकत होतं. नॉर्थने दोषींवर खटले भरून भरपाई मागितली असती, तर वसाहतींत फूट पडली असती असं मला वाटतं.

त्याऐवजी सगळ्या गावाला शिक्षा झाली. भरपाई मिळेपर्यंत 1 जून 1774 पासून बोस्टन बंदर बंद. ज्या धक्केवाल्याने, कोळ्याने, सुताराने चहाला हात लावला नव्हता त्याचीही चूल विझली. दुसऱ्या कायद्याने मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली: वरिष्ठ सभागृह राजा नेमणार, गावसभा गव्हर्नराच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. तिसऱ्याने सरकारी अधिकाऱ्यांवरचे खटले वसाहतीबाहेर हलवायची सोय केली. चौथा फौजेला निवारा देण्याबाबतचा. हचिन्सनच्या जागी जनरल गेज आला. 19 एप्रिल 1774 रोजी एडमंड बर्क या विरोधी सदस्याने पार्लमेंटात चहाची जकात काढा म्हणून आर्जव केलं. प्रस्ताव 49 विरुद्ध 182 मतांनी पडला.

सनद राजाने दिलेली आणि ऐंशीहून अधिक वर्षांच्या वहिवाटीने पक्की झालेली, ती पार्लमेंट एका कायद्याने फिरवू शकतं, तर व्हर्जिनियाचे हक्क तरी सुरक्षित कसे? हा प्रश्न दूरच्या, श्रीमंत, स्वतःला बोस्टनपेक्षा शहाणे समजणाऱ्या जमीनदारांनाही पडला. जॉर्ज वॉशिंग्टनने जूनमध्ये एका पत्रात लिहिलं की चहा बुडवणं आम्हाला मान्य नाही, पण बोस्टनचा प्रश्न हा आता अमेरिकेचा प्रश्न आहे. व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने 1 जून उपास-प्रार्थनेचा दिवस ठरवला, गव्हर्नराने ते विसर्जित केलं. दक्षिण कॅरोलायनाहून तांदूळ आला, कनेक्टिकटहून मेंढ्या आल्या. ज्या वसाहतींच्या सीमांवरून आपसात भांडणं चालत, त्या बोस्टनला जेवू घालत होत्या.

5 सप्टेंबर 1774 रोजी फिलाडेल्फियात बारा वसाहतींचे प्रतिनिधी जमले. जॉर्जिया तेवढी आली नाही. 1 डिसेंबरपासून ब्रिटिश माल बंद करायचा ठरला आणि तो ठराव राबवायला गावोगावी समित्या नेमल्या. या समित्यांकडे मी युद्धाची खरी तयारी म्हणून बघतो. माल तपासणं, नियम मोडणाऱ्याचं नाव छापणं, स्थानिक पलटणी सज्ज ठेवणं, हे सगळं त्या करू लागल्या. राजाचा कारभार जागेवर होता, पण लोक हुकूम दुसऱ्याचा मानत होते. म्हणूनच 19 एप्रिल 1775 रोजी गेजची तुकडी लेक्सिंग्टनच्या वाटेने काँकर्ड गावचा दारूगोळा जप्त करायला निघाली, तेव्हा तिच्या आधी गावागावांत निरोप पोचलेला होता.

फेब्रुवारी 1778 मध्ये, साराटोगाच्या लढाईतला पराभव पदरात पडल्यावर, लॉर्ड नॉर्थ यांनीच पार्लमेंटात विधेयक मांडलं की महसुलासाठी वसाहतींवर यापुढे कर बसवला जाणार नाही. 1767 ची चहाची जकातही त्यात रद्द झाली. वसाहतींनी बारा वर्षं जे मागितलं ते कागदावर आलं. त्याच महिन्यात 6 तारखेला पॅरिसमध्ये अमेरिका आणि फ्रान्स यांच्या तहावर सह्या झाल्या होत्या. जूनमध्ये ब्रिटनचे वाटाघाटी करणारे फिलाडेल्फियाला पोचले, तेव्हा काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, कळवलं की आधी स्वातंत्र्याला मान्यता द्या किंवा फौजा काढून घ्या, मग बोलू.